थाई बेसिल आणि थाई तुळस : गच्चीवरच्या कुंड्या आणि स्वयंपाकघरातील वापरानंतरचा अनुभव

थाई बेसिल आणि थाई स्वयंपाकात 'काप्राओ' म्हणून ओळखली जाणारी तुळस, या दोन्हींची रोपे गेल्या वैशाखापासून कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या गच्चीवर आहेत, आणि आठवड्यातून एखाद्या वेळी तरी त्यांपैकी एकीची पाने स्वयंपाकात पडतात. एक पावसाळा, एक हिवाळा आणि आता तापू लागलेले ऊन एवढा काळ दोन्ही वापरून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. या वनस्पती जवळच्या असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालेल, असे पुष्कळांना वाटते. परदेशांतील अनेक थाई हॉटेलांत तसे सर्रास चालवूनही घेतात. माझ्या मते ती अदलाबदल पदार्थाला मारक ठरते, कारण एक पान आचेवर खुलते आणि दुसरे आचेवर विझते.

दोन्ही 'ऑसिमम' या एकाच प्रजातीतील (जीनसमधील), म्हणजे पुदिन्याच्या कुळातील आहेत. थाई बेसिल हा 'ऑसिमम बॅसिलिकम'चा एक प्रकार असून पिझ्झ्यावरचे इटालियन बेसिल आणि फालुद्यातला सब्जा याच जातीतले आहेत. काप्राओ ही 'ऑसिमम टेन्युइफ्लोरम', म्हणजे आपल्या वृंदावनातलीच तुळस होय. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ही दोन्ही नावे १७५३ मध्ये दिली आणि तुळशीला 'ऑसिमम सँक्टम' हे दुसरे नाव १७६७ मध्ये दिले, म्हणून जुन्या पुस्तकांत तुळस त्या नावाने सापडते. खरेदी करताना मात्र शास्त्रीय नावापेक्षा देठ उपयोगी पडतो. तुळशीचा कोवळा देठ उजेडासमोर धरला, तर त्यावर बारीक पांढरी लव स्पष्ट दिसते. तिचे पान मऊसर, निस्तेज आणि कडेला करवती असते. थाई बेसिलचा देठ जांभळा आणि जवळजवळ गुळगुळीत असतो, पान निमुळते व चकचकीत असते आणि जांभळा तुरा दाट भरलेला असतो. तुळशीची मंजिरी याउलट सडपातळ असून तिच्यात फुलांचे वेढे एकमेकांपासून सुटे दिसतात. हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की ऑनलाइन मागवलेल्या बियांच्या पाकिटावर नाव तुळशीचे आणि चित्र थाई बेसिलचे होते. उगवून आले ते थाई बेसिल. विक्रेत्याला कळवले, त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. काप्राओचे रोप पुढे एका रोपवाटिकेत देठ पाहूनच घेतले.

वासाच्या बाबतीत कोल्हापूरकरांना फारसे शिकवावे लागत नाही. चैत्रात जोतिबाला दवणा वाहणाऱ्या माणसांना पान चुरगळून हुंगण्याची सवय असतेच. थाई बेसिल चुरगळले की बडीशेपेचा गोडसर वास येतो, तो त्यातील मिथाइल चॅव्हिकॉल या द्रव्यामुळे; बडीशेपेतील ॲनेथॉल हा त्याचाच समघटक, म्हणजे अणू तेच पण रचना वेगळी असलेला पदार्थ, आहे. तुळशीत युजेनॉल असते, जे लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक आहे. म्हणून तुळशीचे पान चावल्यावर आधी तिखटपणा जाणवतो आणि मग जिभेला किंचित बधिरपणा येतो. काप्राओच्या पानात लवंगेच्या जोडीला मिऱ्यासारखा झणका आहे. दारातल्या कृष्ण तुळशीत लवंग अधिक ठळक आहे आणि पानही चिवट लागते.

आता मुख्य मुद्दा आचेचा. 'पॅड काप्राओ' हा थाई पदार्थ तुळशीसाठीच आहे. मी तो चिकनच्या खिम्याचा करते. लसूण आणि हिरव्या मिरच्या खलबत्त्यात जाडसर कुटायच्या, लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची, तेलात ते वाटण काही क्षण परतून खिमा टाकायचा, आच कमी करायची नाही. खिमा सुटा झाला की फिश सॉस, थोडा सोया सॉस आणि चिमूटभर साखर घालायची. शेवटी मूठभर अख्खी पाने टाकून अर्धा मिनिट परतायचे आणि गॅस बंद करायचा. त्या अर्ध्या मिनिटात काय होते ते समोर उभे राहूनच पाहावे: पाने तडतडून आक्रसतात, रंग काळपट हिरवा होतो आणि तोपर्यंत दबून असलेला वास एकदम कढईतून वर येतो. हेच पान कच्चे खाल्ले तर काढ्याची आठवण होते. तापलेल्या तेलात पडल्यावर त्याचा औषधीपणा जातो आणि तिखटाशी त्याचे जमते. भातावर हा खिमा आणि वर कडा कुरकुरीत झालेले तळलेले अंडे, एवढेच ताट पुरते. याच कढईत तुळशीऐवजी थाई बेसिल घालून पाहिले. पदार्थ वाईट झाला नाही, पण गोडसर आणि गुळमुळीत झाला. लसूण-मिरचीसमोर उभे राहण्याची ताकद त्या पानात नाही.

एक सूचना मात्र आवर्जून करावीशी वाटते. कांदा-लसूण मसाल्याच्या खिम्यात तुळस घालू नये. त्या मसाल्यात लवंग आधीच असते, त्यामुळे पानांचा वास कोणालाही कळत नाही आणि पाने फुकट जातात.

थाई बेसिलची जागा नारळाच्या दुधात आहे. थाई हिरव्या करीत पाने अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर घालायची असतात. भांड्यातली ऊब त्यांना पुरते. उकळत ठेवली तर बडीशेपेचा वास पाच मिनिटांत उडतो आणि उरतो तो नुसता पाला. व्हिएतनाममध्ये 'फो' या सूपबरोबर ही पाने कच्चीच ताटात देतात आणि खाणारा ती तोडून गरम रश्शात टाकतो. त्यावरून मी आमच्या मटणाच्या अळणी पाण्यात हा प्रयोग केला. रविवारी तांबडा-पांढरा करण्याआधी वाटीभर अळणी बाजूला काढायची, त्यात लिंबू, हिरवी मिरची आणि थाई बेसिलची पाच-सहा पाने तोडून टाकायची. या सबंध काळात घरात सर्वांत जास्त मागणी आली ती याच वाटीला. पांढऱ्या रश्शातही पाने घालून पाहिली, परंतु खसखस, काजू आणि वेलची यांच्या गर्दीत त्यांचे काम दिसत नाही, आणि खरे सांगायचे तर पांढऱ्या रश्शाला त्याची गरजही नाही.

तुळस मांसाहारात घालण्याचा प्रश्न आमच्याही घरात आला. थायलंडमध्ये ती रोजच्या भाजीपाल्यातली वस्तू आहे. आपल्याकडे कार्तिकात तिचे लग्न लागते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, "दारातल्या तुळशीला हात लावायचा नाही. गच्चीवरच्या कुंडीचं तुझं तू बघ." तेव्हापासून वृंदावन आणि कुंडी यांचा हिशोब वेगळा आहे, आणि द्वादशीला मी कुंडीतलीही पाने तोडत नाही. त्या स्वतः तुळशीचा खिमा खात नाहीत. त्यांच्यासाठी अळंबी बारीक चिरून त्याच पद्धतीने, थाई बेसिल घालून करते. वर सांगितलेला गुळमुळीतपणा त्यात येतो, पण अळंबीला तो खिम्याइतका खटकत नाही. ज्यांच्या घरी हा विषय नाजूक असेल त्यांनी थाई बेसिलवरच थांबावे.

लागवडीत तुळस सोपी आणि थाई बेसिल नखरेल आहे. आषाढ-श्रावणातली आपल्याकडची झड थाई बेसिलला मानवत नाही. नुसत्या काळ्या मातीत लावलेले रोप मुळाशी सडले. माती, वाळू आणि शेणखत समान घेऊन पत्र्याखाली ठेवलेले तगले, तरी सततच्या दमट हवेत पाने पिवळी पडून खालच्या बाजूला करडी बुरशी दिसली. ती पाने काढून टाकून फांद्या विरळ केल्यावर रोप सावरले. तुळशीला पावसाचे काही वाटले नाही. तिला त्रास झाला तो ऑक्टोबरच्या उन्हात, पानांमागे बसून रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचा. पाने खालून पाण्याने जोरात धुतल्यावर तो आटोक्यात आला. तुरे दोघींचेही वेळेवर खुडावे लागतात, नाहीतर पाने लहान आणि कडवट होतात. थंडीत दोन्ही रोपांची वाढ मंदावते, तेव्हा पानांसाठी घाई करू नये.

साठवणीची एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ही पाने फ्रिजमध्ये काळी पडतात, कारण सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली त्यांना थंडीची इजा होते. थाई बेसिलच्या फांद्या पेल्यात पाणी घालून ओट्यावर ठेवल्या तर चार दिवस ताज्या राहतात. तुळस मात्र तोडल्यावर लवकर मलूल होते, म्हणून ती कढई गॅसवर चढवल्यावरच तोडून आणावी. तुळस सावलीत वाळवली तर चहापुरती उपयोगी पडते. वाळलेल्या थाई बेसिलला काहीच वास उरत नाही. बाजारातली एक वाळक्या पानांची बाटली मी घेऊन पाहिली, आणि तिच्या किमतीत रोपवाटिकेतून दोन जिवंत रोपे सहज आली असती.