कोथरूडमध्ये घरपोच पिझ्झा: साखळी, क्लाउड किचन, लाकडाची भट्टी की कोपऱ्यावरची बेकरी?

कोथरूडमध्ये नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला पिझ्झा मागवायचा असेल, तर पर्यायांची वानवा नाही. अडचण आहे ती त्यांच्यातला फरक ओळखण्याची. संध्याकाळी सात वाजता ॲप उघडले की नावांची रांग लागते, बहुतेकांना चाराच्या आसपास तारे मिळालेले असतात आणि छायाचित्रांत सगळ्यांचे चीज सारखेच ताणलेले असते. ही सगळी नावे शेवटी चार प्रकारच्या स्वयंपाकघरांतून येतात: मोठ्या साखळीची शाखा, फक्त पार्सलसाठी चालणारे क्लाउड किचन, लाकडाच्या भट्टीवर पिझ्झा भाजणारे रेस्टॉरंट आणि आपल्या गल्लीतली बेकरी किंवा छोटा कॅफे. या चौघांची तुलना मी चवीपासून सुरू करत नाही. घरपोच पिझ्झाच्या बाबतीत पहिला प्रश्न असा असतो की, तो भट्टीतून बाहेर पडल्यापासून आपल्या ताटात येईपर्यंत किती मिनिटे जाणार आहेत आणि तेवढी मिनिटे बंद खोक्यात काढण्याची त्याची ताकद आहे का.

खोक्यात काय घडते ते एकदा नीट पाहण्यासारखे आहे. गरम पिझ्झा पुठ्ठ्यात बंद झाला की त्यातून वाफ निघत राहते, ती झाकणाला लागून निवते आणि तिचे पाणी एकतर चीजवर उतरते किंवा पुठ्ठ्यात मुरते. खालचा बेस त्याच वेळी स्वतःच्या वाफेवर बसलेला असतो, त्यामुळे भाजताना आलेला कुरकुरीतपणा उलट्या वाटेने निघून जातो. मधोमध ठेवलेली तीन पायांची पांढरी प्लॅस्टिकची तिवई, जी आमच्याकडे मुले बाहुलीचे टेबल म्हणून जपून ठेवतात, तिचे पेटंट कार्मेला व्हिताले या अमेरिकन महिलेला १९८५ मध्ये मिळाले. झाकण दबून चीजला चिकटू नये, एवढेच तिचे काम. वाफेवर तिचा इलाज चालत नाही. पिझ्झा आला की मी पहिला तुकडा कडेने धरून आडवा उचलतो. टोक जरासे झुकले तर ठीक, पण ते सरळ खाली लोंबले आणि टॉपिंग घसरू लागले, तर तो पिझ्झा मुळात चांगला असला तरी आपल्या पत्त्यासाठी बनलेला नव्हता, असे समजावे.

मोठ्या साखळ्यांचा सारा घाट या अडचणीभोवती रचलेला आहे. डॉमिनोज आणि पिझ्झा हट या दोघांनीही १९९६ मध्ये भारतात पहिली शाखा उघडली, एकाने दिल्लीत आणि दुसऱ्याने बंगळुरूत. पुढे चंडीगडहून आलेल्या ला पिनोझसारख्या नव्या साखळ्याही पुण्यात पसरल्या. साधारणपणे अशा साखळीत पीठ मध्यवर्ती ठिकाणी मळले जाते, गोळे थंड ठेवून शाखांना पोहोचतात आणि सरकत्या पट्ट्याच्या ओव्हनमध्ये सुमारे २५० अंशांना काही मिनिटे भाजले जातात. या तापमानाला, एवढ्या वेळात बेस सर्वत्र सारखा कोरडा होतो. वरून घातलेले मोझरेला कमी पाण्याचे असते. त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटांच्या प्रवासात त्याचे फारसे बिघडत नाही. पोहोचवणारा माणूस शाखेचाच असेल, तर त्याला डहाणूकर कॉलनीतल्या सारख्या दिसणाऱ्या गल्ल्या आणि सोसायट्यांची मागची फाटके तोंडपाठ असतात, हा फायदा ॲपवर दिसत नाही पण जाणवतो.

तीस मिनिटांत पिझ्झा पोहोचवण्याच्या साखळ्यांच्या हमीबद्दल मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेत डॉमिनोजने ही हमी १९९३ मध्ये मागे घेतली, कारण वेळ गाठण्याच्या घाईत झालेल्या अपघातांवरून खटले उभे राहिले होते. पावसाळ्यात पौड फाट्याच्या गर्दीतून दुचाकी काढणाऱ्या मुलाला पाहिले की त्या निर्णयामागचे कारण वेगळे समजावून घ्यावे लागत नाही. पाच मिनिटांच्या उशिरासाठी फुकट पिझ्झा मागण्याचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही.

साखळीची खरी उणीव तिच्या एकसारखेपणात आहे. सॉस बहुधा गोडसर, बेस जाडसर, आणि तिसऱ्या आठवड्यात आपण काय खातो आहोत याची उत्सुकता संपते. टॉपिंग विचारपूर्वक निवडले तर फरक पडतो: टोमॅटो, मश्रूम आणि अननस भरपूर पाणी सोडतात, तर कांदा, ढोबळी मिरची आणि मक्याचे दाणे प्रवास चांगला सोसतात. ज्यांना खाण्याची मोजदाद ठेवावी लागते त्यांच्यासाठी आणखी एक सोय साखळीतच मिळते. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेनूवर कॅलरी दाखवाव्यात, असा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाला आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीला तो लागू नाही.

क्लाउड किचन म्हणजे बसायला जागा नसलेले, केवळ पार्सलसाठी चालणारे स्वयंपाकघर. या कल्पनेचे पुण्याशी जुने नाते आहे, कारण रोल विकणारे फासोज पुण्यातच सुरू झाले, त्याचीच पुढे रिबेल फूड्स ही कंपनी झाली आणि ओव्हनस्टोरी हा तिचाच पिझ्झाचा ब्रँड आहे. मोजो पिझ्झाही असाच, बॉक्सएट या घरपोच जेवणाच्या ब्रँडच्या घरातला. या प्रकारात चीज आणि टॉपिंग सढळ असते, सवलती मोठ्या असतात आणि चव साखळीपेक्षा थोडी धीट असते. तरीही एक खबरदारी घ्यावी लागते, ती म्हणजे एकाच ओट्यावरून अनेक नावे चालतात. एकदा पाहुणे आले असताना आम्ही मुद्दाम तुलना करण्यासाठी दोन वेगळ्या नावांकडून दोन पिझ्झा मागवले. दोन्ही खोकी एकाच माणसाने, एकाच पिशवीतून आणून दिली. बेस तोच, सॉस तोच, फक्त खोक्याचा रंग निराळा. तेव्हापासून नाव पाहण्याआधी मी पत्ता पाहतो. ताऱ्यांच्या सरासरीपेक्षा ती किती जणांच्या मतांवर निघाली आहे हे पाहावे, आणि ग्राहकांनी स्वतः काढलेली छायाचित्रे असतील तर आधी ती उघडावीत.

वेळेचाही प्रश्न इथे अधिक असतो. ॲपचा माणूस वाटेत दुसरी ऑर्डर घेऊन येऊ शकतो, आणि नकाशावर त्याची दुचाकी कर्वेनगरकडे वळताना पाहणे हा एक वेगळाच मनस्ताप आहे. किचन दोन किलोमीटरच्या आत असेल तर हे सहन होते. वारज्याच्या पलीकडून येणार असेल तर मी तरी मागवत नाही.

आता लाकडाच्या भट्टीकडे येऊ, कारण सर्वाधिक निराशा इथे होते, आणि ती बहुतेक वेळा रेस्टॉरंटच्या चुकीमुळे होत नाही. इटलीतल्या नेपल्स शहराच्या पद्धतीचा पिझ्झा ४०० अंशांपेक्षा जास्त तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. इतक्या कमी वेळात कडा फुगते, तिच्यावर करपल्याचे काळे ठिपके येतात, पण मधला भाग मऊ आणि ओलसरच राहतो, आणि तो तसाच असावा अशी अपेक्षा असते. नेपल्सच्या पिझ्झा बनवणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. त्याआधी २०१० मध्ये युरोपीय संघाने या पिझ्झाच्या पारंपरिक पद्धतीची नोंद केली, तेव्हा तो भट्टीतून निघाल्याबरोबर, जिथे बनवला तिथेच खाल्लेला बरा, असे त्या तपशिलात लिहून ठेवले. ज्या पदार्थाच्या अधिकृत वर्णनातच त्याला लांब नेऊ नये असे सुचवले आहे, तो कोरेगाव पार्कातून नदी ओलांडून, नळस्टॉपच्या सिग्नलवर थांबत थांबत कोथरूडला आणायचा आणि मग तो लिबलिबीत निघाला म्हणून एक तारा द्यायचा, हा न्याय नव्हे.

तरीही घरीच खायचा असेल, तर फोनवर तीन गोष्टी सांगून पाहाव्यात. पिझ्झा जरा जास्त भाजायला सांगावा. तो न कापता पाठवायला सांगावा, कारण कापलेल्या रेषांमधूनच सॉस खाली झिरपतो. घरी स्वच्छ कात्रीने तो सुरीपेक्षा चांगला कापला जातो. आणि बेसिलची पाने किंवा ताजे ओले चीज वेगळ्या डबीत मागावे. अंतर तीन किलोमीटरच्या आत असेल आणि हे तिन्ही पाळले गेले, तर चौघांपैकी सर्वांत चांगली चव याच खोक्यातून निघते, यात मला शंका नाही. त्यापलीकडे अंतर असेल तर मेट्रोने किंवा रिक्षाने तिथे जाऊन गरम खाणे हेच शहाणपणाचे.

कोपऱ्यावरच्या बेकरीचा पिझ्झा या सगळ्यांत दुर्लक्षित आहे. तयार बेस, केचपच्या वळणाचा सॉस, कांदा, ढोबळी मिरची आणि वरून किसलेले प्रोसेस्ड चीज, असा हा नव्वदच्या दशकातल्या वाढदिवसांचा पिझ्झा. ते चीज ताणले जात नाही, कारण त्यातल्या इमल्सिफायर (चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या) क्षारांमुळे ते वितळून एकजीव होते, पण त्याला मोझरेलासारखे धागे येत नाहीत. इटालियन माणसाने याला पिझ्झा म्हणावे की नाही हा त्याचा प्रश्न. आमच्या गल्लीत फोन केला की पलीकडून "काका, कांदा घालू ना? मागच्या वेळी नको म्हणाला होतात," असा प्रश्न येतो, आणि दहाव्या मिनिटाला दारात फॉइलमध्ये गुंडाळलेली कागदी थाळी असते. चारशे मीटरच्या अंतरात वाफेला नुकसान करायला वेळच मिळत नाही. आजी-आजोबांना चावायला सोपा, मुलांना ओळखीचा, आणि निवला तरी खाण्याजोगा राहतो. इथे विचारायची गोष्ट एकच: चीज खरे दुधाचे आहे की वनस्पती तेलापासून केलेला पर्याय. तसा पर्याय चीज या नावाने विकता येत नाही, पण फळ्यावर खडूने लिहिलेल्या मेनूत ही बारकाई नेहमी उतरत नाही.

शाकाहारी आणि जैन घरांसाठी हिरव्या ठिपक्यापलीकडे एक प्रश्न राहतो. पिझ्झा कापायचे चाक आणि भट्टीतून काढायचे लांब दांड्याचे फावडे वेगळे आहे का, हे विचारावे. केवळ शाकाहारी स्वयंपाकघर असेल तर हा प्रश्नच मिटतो, आणि कोथरूडमध्ये अशी बेकरी शोधणे अवघड नाही.

खर्चाची तुलना करताना मेनूवरची किंमत फसवी ठरते. ॲपवरच्या बिलात पदार्थावर ५ टक्के जीएसटी, पॅकिंग, डिलिव्हरी आणि २०२३ पासून प्लॅटफॉर्म फी अशा ओळी वाढत जातात; शिवाय ॲपला कमिशन द्यावे लागत असल्याने तिथला मूळ दरच अनेकदा काउंटरपेक्षा जास्त असतो. म्हणून एकदा थेट फोन करून दर विचारावा आणि शेवटच्या आकड्याची तुलना करावी. बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आहे का, हेही पाहावे. १ जानेवारी २०२२ पासून तो छापणे बंधनकारक आहे.

आकाराचा हिशेब तर बहुतेक घरांत चुकतो. सात इंची पिझ्झाचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस इंच, दहा इंचीचे ७९ आणि बारा इंचीचे ११३ भरते. म्हणजे सात इंची दोन पिझ्झा मिळूनही दहा इंची एकाइतके होत नाहीत. त्यातून भोवतालची अर्धा इंच कोरडी कडा वजा केली, तर सात इंचीत टॉपिंगखालचा भाग जेमतेम ७३ टक्के उरतो आणि बारा इंचीत तो ८४ टक्के असतो. 'एकावर एक फ्री' ही सवलत लहान आकारावर असेल, तर आधी हे आकडे डोळ्यांसमोर आणावेत. एकच मोठा मागवून अर्ध्या भागावर एक टॉपिंग आणि अर्ध्यावर दुसरे मिळते का, असे विचारणे बहुधा स्वस्त पडते.

आमच्या घरी ठरलेला क्रम असा आहे: आठवड्याच्या मधल्या दिवशी, मुले भुकेली असताना बेकरी; सात-आठ माणसे जमली आणि वेळ गाठायची असली तर साखळी, तीही शक्यतो साडेसातच्या आत; उशिरा रात्री, जेव्हा बाकीचे बंद असतात, तेव्हा जवळचे आणि पत्ता तपासलेले क्लाउड किचन; आणि भट्टीचा पिझ्झा खायचा तो तिथे बसूनच. क्रिकेटचा मोठा सामना आणि ३१ डिसेंबर या रात्री यांपैकी कोणाचाही भरवसा धरू नये. त्या दिवशी दुपारीच तयार बेसचे पाकीट आणून ठेवलेले बरे.

उरलेला पिझ्झा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हऐवजी तव्यावर मंद आचेवर गरम करावा. बेस कडक व्हायला लागला की तव्याच्या कडेला चमचाभर पाणी सोडून लगेच झाकण ठेवावे, म्हणजे वरचे चीज वितळते आणि खालची बाजू कोरडीच राहते. साखळीचा जाड बेस या उपायाला उत्तम साथ देतो, बेकरीचाही चालतो. भट्टीचा पातळ बेस मात्र पापडासारखा होतो, आणि तो तसा आवडणारा एकजण आमच्या घरात आहे.