चष्मा घसरला की पैसे पाण्यात

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर एकच काम, तयार पार्टला मायक्रोमीटर लावायचा, ड्रॉइंगमध्ये बसला तर पुढे, नाही तर बाजूला. त्यामुळे कुठल्याही दुकानात गेलो की माल बघायच्या आधी माप कसं घेतात तिकडे माझी नजर जाते. मेन रोडवरच्या या चष्म्याच्या दुकानाला पाचातले चार तारे देतोय, ते मापासाठीच.

आमची पोरगी आठ वर्षांची, तिसरीत. गेल्या वर्षी घराजवळच्या एका दुकानात मशीनवर हनुवटी टेकवली आणि दोन मिनिटांत मायनस सव्वादोनचा चष्मा हातात. वर सल्ला, "गाजर खाऊ घाला, उतरेल नंबर." पोरगी रोज शाळेतून आली की कपाळ धरून बसायची. शेवटी गंगापूर रोडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घालून तासभर बसवलं, बाहुली मोठी झाल्यावर तपासलं, तर नंबर निघाला पावणेदोन. लहान मुलं तपासताना डोळ्यावर ताण देतात, तो थेंबांनी सैल केला नाही तर मशीन मायनस जास्त दाखवतं, असं त्या म्हणाल्या. आमच्या भाषेत, झिरो सेट न करताच माप घेतलं होतं.

नंबर उतरणार नाही, वाढायचा वेग कमी करायचा, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. मायनसवाल्या मुलांचा डोळा पुढून मागे लांब होत जातो. साधारण १ मिलीमीटर लांबी वाढली की अडीच ते तीन नंबर वाढतो. मग त्यांनी ती लांबी मोजली. उजवा २४.१२, डावा २४.०८. मशीन ०.०१ मिलीमीटरपर्यंत वाचतं. माझ्या मायक्रोमीटरचा लीस्ट काउंटही, म्हणजे तो वाचतो ते सगळ्यात बारीक मापही, तेवढाच! दवाखान्यात मला कळेल असं कोणीतरी पहिल्यांदाच बोललं.

नंबर वाढायचा वेग कमी करायला त्यांनी 'डिम्स' तंत्राच्या काचा लिहून दिल्या. त्याचसाठी रात्री झोपताना घालायचे ॲट्रोपिनचे सौम्य थेंबही असतात, पण ते आत्ता नकोत, सहा महिन्यांनी बघू म्हणाल्या.

हे तंत्र हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातून आलंय. तिथे ८ ते १३ वयाच्या मुलांवर दोन वर्षं अभ्यास झाला. साधी काच घालणाऱ्यांच्या तुलनेत या काचा घालणाऱ्यांचा नंबर सरासरी ५२ टक्के कमी वाढला. काच समोरून बघितली तर साधीच वाटते. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी उमटते. मधे ९ मिलीमीटरचा गोल स्वच्छ, त्यातून नेहमीसारखं बघायचं. भोवती मिलीमीटरभराचे जवळपास ४०० दाणे. त्यांतून आलेला उजेड डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या थोडा अलीकडे जुळतो, आणि डोळ्याला लांब व्हायला नको असा इशारा मिळतो.

आता माझा मुद्दा. स्वच्छ गोल ९ चा, म्हणजे मधल्या बिंदूपासून कुठल्याही बाजूला साडेचार मिलीमीटर. चष्मा नाकावरून पाच मिलीमीटर खाली आला की पोरगी दाण्यांतूनच बघणार. धूसर दिसलं की मान वाकडी करणार, नाही तर चष्म्याच्या वरून बघणार. वरून बघितलं की काच असून नसल्यासारखी. इतकी महाग काच आणि तिचा सगळा खेळ नाकाच्या पॅडवर!

या दुकानातल्या ताईंनी आधी फ्रेम बसवली, काच नंतर. लेकीने जांभळी, मोठी फ्रेम उचलली होती. ती ताईंनी गोड बोलून परत ठेवायला लावली, नाक अजून बसकं आहे म्हणून. हलणाऱ्या पॅडची छोटी फ्रेम घेतली, दांड्या गरम करून कानामागे वळवल्या, तिला दोरीशिवाय दोरीच्या उड्या मारायला लावल्या आणि परत वळवल्या. मग स्वतः तिच्या उंचीला स्टुलावर बसून म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघ." डेमो काचेवर बाहुलीसमोर मार्करचा ठिपका दिला. पोरीचं लक्ष काउंटरवरच्या माशांच्या पेटीकडे गेलेलं. ताईंनी ठिपका पुसला, मासे पडद्याआड केले, पुन्हा ठिपका. नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बाहुलीचं अंतर वेगळं लिहिलं, उजवा २७, डावा २६.५. आधीच्या दुकानात दोन्हींचं मिळून ५४ लिहून निम्मं केलं होतं. अर्धा मिलीमीटर कोण बघतंय? मी बघतो, भाऊ.

फ्रेमसकट १९,४०० झाले. मी कार्ड पुढे केलं तेव्हा हिची आई माझ्याकडे बघत होती, बोलली नाही. पाच दिवस सांगून काचा अकराव्या दिवशी आल्या, मधे एक फोन नाही. एक तारा तिथे गेला. गाडी लावायला जागा नाही, शालिमारकडे लावा आणि चालत या.

पहिले चार-पाच दिवस कडेला धूसर दिसतं म्हणून पोरीची कुरकुर होती, जिना उतरताना हात धरायची. ताईंनी हे आधीच सांगितलं होतं. नंतर विसरली. दर महिन्याला दांड्या घट्ट करून देतात, पैसे घेत नाहीत.

उन्हाचंही डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज दोन तास तरी बाहेर. मला वाटलं नुसतं बोलायला बोलतात. मग कंपनीतल्या सेफ्टीवाल्याकडून उजेड मोजायचा लक्स मीटर आणला. अभ्यासाच्या टेबलावर २४० लक्स. गच्चीवर टाकीच्या सावलीत, ढग असताना, ९,००० च्या वर. तेव्हापासून आमच्या आईची तांदूळ निवडायची बैठक गच्चीवर आणि नातीची सागरगोट्यांची पण.

सहा महिन्यांनी पुन्हा लांबी मोजली. २४.१८ आणि २४.१३. नंबर पावणेदोनच. मी खूश झालो, तर डॉक्टर म्हणाल्या, या वयात चष्मा नसलेल्या मुलांचाही डोळा थोडा वाढतोच, आणि सहा महिन्यांवरून निकाल लावायचा नाही. बरोबर आहे, पाच पीस बरोबर आले म्हणून आम्हीही लॉट पास करत नाही. ॲट्रोपिनचे थेंब सध्या लांबणीवर.

तुम्ही जाणार असाल तर आधी बाहुली मोठी करायचे थेंब घालून काढलेल्या नंबरचा डॉक्टरांचा कागद घेऊन जा, दुकानातल्या मशीनवर जाऊ नका. आणि जायचं तर मंगळवार ते शुक्रवार सकाळी, तेव्हा ताई असतात. रविवारी त्यांचा भाचा बसतो. पोरगा बोलायला चांगला आहे, पण मार्करचं टोपण काही काढत नाही.