एचपी-१२सी कॅल्क्युलेटर: दर सात ओळींमागे एक रजिस्टर गिळतो, तरी गाळ्यावर हाच

वाशीतल्या एका दुकानातून या कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले तीन एलआर४४ बटण सेल जुन्या साठ्यातले निघाले. थोड्याच दिवसांत स्क्रीनवर ‘पीआर एरर’. मेमरी साफ. दुकानदार म्हणे, पाकीट फोडलंय, आता बदलून मिळणार नाही. या मशीनला कार्ड नाही, केबल नाही. वहीतून बघून सगळा प्रोग्राम, म्हणजे कळांचा ठरलेला क्रम, पुन्हा बोटांनी टाकावा लागला. ते करतानाच ठरवलं की इतक्या महिन्यांच्या वापराबद्दल नीट लिहायचं.

मॉडेल १९८१ पासूनचं. माझं मशीन १९८७ चं आहे: पाठीवरच्या नंबरातले पहिले दोन आकडे २७, त्यात ६० मिळवायचे, पुढचं ‘ए’ म्हणजे अमेरिकेत बनलेलं. कळांवरचं एकही अक्षर पुसलेलं नाही. आरपीएन (आधी आकडे, मग क्रिया), व्याजाचे हिशोब वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडतो. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मी शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाची बिलं) करतो, तेवढ्यापुरतंच बोलतो.

माझी तक्रार मेमरीची. ‘मेम’ दाबलं की सुरुवातीला पी-०८ आर-२० दिसतं: प्रोग्रामच्या आठ ओळी, आकडे साठवायची वीस रजिस्टर. नववी ओळ टाकली की पी-१५ आर-१९. पुढे दर सात ओळींना एक रजिस्टर कापलं जातं, शेवटी ९९ ओळी आणि हातात सातच रजिस्टर. गेलेलं रजिस्टर मागितलं तर एरर ६. पहिले काही आठवडे याचा फार राग यायचा. सातच का?

त्याचं उत्तर आकडा साठवण्याच्या पद्धतीत आहे. एका रजिस्टरमध्ये चिन्ह, दहा अंक आणि घातांकाची तीन घरं, अशी चौदा घरं असतात. प्रत्येक घराला चार बिट (० किंवा १ च्या जागा). एकूण ५६ बिट, म्हणजे सात बाइट, आणि प्रोग्रामची एक ओळ एक बाइट. चार बिटांत सोळा खुणा मावतात, हे मशीन त्यातल्या दहाच वापरतं. हे कळलं तेव्हा मला ती निव्वळ उधळपट्टी वाटली. आता तसं वाटत नाही, उलट माझं सगळं काम त्या उधळपट्टीवरच चालतं.

पट्टीला प्रतवार गोण्या आणि किलो दोन्ही लागतात. रक्कम किलोवर निघते, हमाली-तोलाई गोण्यांवर कापली जाते. मोठा, मध्यम, गोल्टा, गोल्टी अशा चार प्रती, म्हणजे आठ बेरजा. पण रजिस्टरमध्ये थेट बेरीज फक्त आर० ते आर४ या पाचांतच होते. म्हणून दोन आकडे एकात कोंबायचे: गोण्या पूर्णांकात, किलो दशांश चिन्हानंतरच्या पाच घरांत. १२ गोण्या, ४८० किलो म्हणजे १२.००४८०. हा एसटीओ + १ केला, म्हणजे आर१ मध्ये मिळवला, की गोण्या आणि किलो दोन्ही एका दमात वाढतात. हाच आकडा एसटीओ + ० केला की आर० मध्ये एकूण. माल परत आला तर तोच आकडा वजा. बेरजेसाठी सिग्मा-प्लस आहेच की, असं कुणी म्हणेल, पण ती कळ एका जोडीसाठी आर१ ते आर६ अशी सहा रजिस्टरं अडवते.

हे निर्धास्त चालतं कारण मशीन दहा-दहानेच मोजतं. दहाच्या घातानं गुणलं-भागलं की अंक तसेच राहतात, फक्त घातांक बदलतो. ०.१ बायनरीत (दोन-दोनने मोजण्यात) नेमका बसत नाही, त्यामुळे बायनरीत मोजणाऱ्या प्रोग्रामात ४८० चे ४७९.९९९९ होऊ शकतात, आणि पूर्णांक काढला की एक किलो गायब. शेतकऱ्याच्या पट्टीत एक किलोही इकडचा तिकडे झालेला मला चालत नाही.

गर्दीत १२.४८० दाबलं जाण्याची भीती असते, त्याचे ४८,००० किलो होतील. म्हणून पहिल्या पाच ओळी नोंदीला दिल्या: ईईएक्स, ५ (म्हणजे एक लाख), भागिले, अधिक, जीटीओ ०० (सुरुवातीला परत). मी १२ एंटर ४८० दाबून आर/एस (प्रोग्राम चालवायची कळ) दाबतो, घरं मशीन लावतं. सहाव्या ओळीपासून पट्टी. प्रत्येक प्रतीला चार ओळी: आरसीएल १ (आर१ मधला आकडा आणणं), फ्रॅक (फक्त दशांशाचा भाग), आरसीएल ५ (किलोचा भाव), गुणिले. लाखानं गुणणं प्रत्येक प्रतीला न करता चारही मिळवून शेवटी एकदाच, तिथे नऊ ओळी वाचल्या. मग आर० चा पूर्णांक गुणिले आर९ मधला गोणीमागचा खर्च, तो वजा. बत्तीस ओळींत काम संपतं, पी-३६ आर-१६. चार रजिस्टरं गेली. एवढ्या कामाला ती महाग नाहीत.

मर्यादा दोन. किलो लाखावर गेले तर एक गोणी वाढते आणि कळतही नाही, पण मी ट्रकगणिक पट्टी करतो, तिथवर आकडा जात नाही. दुसरी म्हणजे स्वल्पविराम हजारांचे, १,२५,००० ऐवजी १२५,०००, याचा डोळ्यांना अजून त्रास होतो.

छत्तीसपैकी चार ओळी मोकळ्या आहेत. त्यात रक्कम पूर्ण रुपयात आणणं बसवतोय: एफ ० (दशांशाची घरं शून्य), आरएनडी (तेवढ्यावर पूर्ण करणं), एफ ५ (पुन्हा पाच घरं). तीन ओळी, आणि त्यासाठी एकही रजिस्टर जात नाही.