सीएसआरचा निधी माळावर, गावात की जंगलात? सातारा-सांगलीतील कंपन्यांसाठी एक तुलना

मार्च जवळ आला की कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कंपन्यांमध्ये एकच लगबग सुरू होते, ती म्हणजे सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची, रक्कम एकतीस तारखेच्या आत कुठे खर्ची टाकायची. ज्या कंपनीचा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 प्रमाणे मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम या कामांसाठी द्यावी लागते, आणि परिसंस्थेचा समतोल राखणे व वनस्पती-प्राण्यांचे संरक्षण हे विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत समाविष्ट आहेत. (सहकारी साखर कारखाने सहकार कायद्याखाली नोंदलेले असल्याने त्यांना हे कलम लागू होत नाही, पण संचालक मंडळाने ठरवले तर पुढचा विचार त्यांनाही उपयोगी पडेल.) शासकीय यंत्रणेबरोबर हे काम करायचे तर या दोन जिल्ह्यांत तीन मार्ग समोर येतात: वनजमिनीवर वृक्षलागवड, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीबरोबर भागीदारी, किंवा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला निधी.

वृक्षलागवड सर्वांत सोपी वाटते, कारण तिच्यात अंदाजपत्रक तयार मिळते, रोपांची संख्या अहवालात लिहिता येते आणि फोटोही चांगले येतात. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्र सरकारने हरित पत नियम, म्हणजे ग्रीन क्रेडिट, अधिसूचित केले; कंपनीने पैसे द्यायचे, वन विभागाने अवनत (ऱ्हास झालेल्या) वनजमिनीवर झाडे लावायची आणि त्याबदल्यात कंपनीला पत, म्हणजे केलेल्या कामाची गुणरूपी नोंद, मिळायची, अशी त्याची रचना आहे. फेब्रुवारी 2024 च्या कार्यपद्धतीत हेक्टरी किमान 1100 झाडांची अट होती. 2025 मध्ये ती पद्धत सुधारून पाच वर्षांचे संगोपन आणि किमान 40 टक्के छत्र (झाडांच्या माथ्यांनी झाकलेली जमीन) असा निकष आला. केवळ खड्डे मोजण्यापेक्षा हा निकष बरा आहे, यात शंका नाही. परंतु ज्या जमिनीवर मुळात झाडांचे छत्र कधी नव्हतेच, तिथे तो लावला तर काय होईल, हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे.

माण, खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा पट्टा. तिथला माळ म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. पवन्या, मारवेल, कुसळीच्या गवतावर तिथे लांडगा, खोकड, चंडोल आणि धाविक जगतात, आणि मेंढपाळांचे कळपही त्याच गवतावर पोसले जातात. पश्चिमेकडच्या सड्यांची, म्हणजे कातळाच्या पठारांची, गोष्ट वेगळी असली तरी निष्कर्ष तोच निघतो. जांभ्या कातळावरच्या वीतभर मातीत उगवणाऱ्या सीतेच्या आसवांना आणि वायतुऱ्याला ऊन हवे असते, सावली त्यांच्या मुळावर येते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माणमधल्या अशाच एका माळावर जाण्याचा योग आला. उतारावर ओळीने खणलेले खड्डे होते, भोवतीचे गवत खरवडून काढलेले होते, रोपांच्या काड्या राखाडी पडल्या होत्या आणि काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या बोराटीच्या काट्यांत अडकून फडफडत होत्या. देणगीदाराच्या नावाचा फलक मात्र कालच रंगवल्यासारखा दिसत होता. रोपे जगली नाहीत हे त्या जागेचे एक प्रकारे नशीबच म्हणायचे, कारण ती जगली असती तर होता तो माळही गेला असता.

याचा अर्थ लागवड कुठेच करू नये, असा नाही. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य हे धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून उघड्या डोंगरावर उभे राहिले आणि 1985 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर; पण त्यामागे एक माणूस वर्षानुवर्षे उभा होता. एका आर्थिक वर्षाचा धनादेश देऊन तशीच अपेक्षा करणे रास्त नाही.

दुसरा मार्ग कटकटीचा आहे, आणि तरीही माझा कल त्याच्याकडे आहे. जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिने गावातल्या वनस्पती-प्राण्यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते, आणि तिच्यासाठी स्थानिक निधीचीही तरतूद आहे. कागदावर ही यंत्रणा सर्वत्र आहे, कारण राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून, ती चुकवणाऱ्या राज्यांना दरमहा 10 लाख रुपये भरण्याचा आदेश दिला, तेव्हा देशभर समित्या आणि नोंदवह्या घाईघाईने झाल्या. त्या घाईचे फळ एका गावात पाहायला मिळाले. ग्रामसेवकांनी कपाटातून नोंदवही काढून दिली. आंबा, वड, पिंपळ, चिमणी, कावळा अशी कुठल्याही गावाला चालेल अशी यादी तिच्यात होती. शेजारी बसलेल्या मेंढपाळ आजोबांना ती वाचून दाखवली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आन् गवात कुठं हाय?" एकाही गवताचे नाव त्या वहीत नव्हते.

कंपनीचा पैसा नेमका इथे कामी येऊ शकतो. नोंदवही हंगामानुसार नव्याने लिहिणे, गवत कापणी आणि चराईचे गावाने ठरवलेले नियम पाळले जातील इतपत राखणदारांचे मानधन देणे, देवराईची हद्द मोजून घेणे, जुनी तळी गाळमुक्त करताना काठाचे गवत राखणे, ही कामे स्वस्त असतात, पण त्यांना सलगता लागते. चालू प्रकल्प म्हणून ठराव केला तर नियमानुसार सुरुवातीचे वर्ष सोडून पुढील तीन वर्षे काम चालवता येते आणि न खर्चलेली रक्कम वर्षअखेरीपासून तीस दिवसांत स्वतंत्र खात्यात ठेवता येते. त्यामुळे मार्चच्या घाईचे कारणच उरत नाही. खर्च कंपनीने स्वतः करावा, किंवा सीएसआर-1 नोंदणी (सीएसआरची कामे करण्यासाठीची सरकारी नोंदणी) असलेल्या संस्थेमार्फत करून ग्रामपंचायतीला करारात तिसरा पक्ष म्हणून घ्यावे. सरपंच बदलला की काम थांबते, हा या मार्गाचा मोठा धोका आहे. ग्रामसभेचा ठराव घेतला तर तो कमी होतो. संपूर्ण मात्र जात नाही.

तिसऱ्या मार्गाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि व्याघ्र प्रकल्पांना बाहेरून निधी घेता यावा म्हणून वन्यजीव कायद्यातच प्रतिष्ठानाची तरतूद आहे. हिशेब नीट ठेवला जातो आणि काम प्रशिक्षित माणसे करतात. कंपनीचा सहभाग मात्र धनादेशापुरता राहतो. ज्या कंपनीकडे या कामासाठी एकही माणूस मोकळा नाही, तिने हाच मार्ग धरावा आणि शक्यतो बफर क्षेत्रातल्या (गाभा जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या) गावांसाठी निधी द्यावा.

सहभागाचे महत्त्व पाहायचे तर कास पठाराकडे पाहावे. 2012 मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासलाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे पर्यटकांकडून शुल्क घेणे, संख्या मर्यादित ठेवणे आणि राखण करणे ही कामे आसपासच्या गावांच्या समित्या वन विभागाबरोबर करतात. गर्दी रोखण्यासाठी पठाराला कुंपण घातले गेले. पुढे फुले कमी झाल्याची आणि गुरांचा वावर थांबल्याने गवत माजल्याची तक्रार स्थानिकांनी लावून धरली, आणि अखेर कुंपण निघाले. चूक लक्षात आली, कारण ती रोज पाहणारी माणसे व्यवस्थेत होती.

या तिन्हींच्या आधी एक हिशेब असतो, तो कोणत्याही सीएसआर अहवालात येत नाही. सांडपाणी ओढ्यात आणि तिथून कृष्णेत जात असेल, तर ते थांबवणे हे कायद्याने सक्तीचे काम आहे, त्याला समाजकार्य म्हणता येत नाही. प्रकल्पाच्या जागेचेही तसेच आहे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरील 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले, आणि त्यांची भीती कमी झाल्याने रंगीत गळपंख्याचे सरडे तिथे अधिक दाट झाले. पवनऊर्जा वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. परंतु जे नुकसान जागा निवडताना टाळता येते, ते नंतर दुसऱ्या तालुक्यात रोपे लावून भरून निघत नाही.

तेव्हा निर्णय असा घ्यावा. एका वर्षाचाच निधी असेल आणि माणूसबळ नसेल, तर व्याघ्र प्रकल्प. जागा खरोखर तुटलेल्या जंगलाची आहे, हे स्थानिक वनस्पतितज्ज्ञाने लिहून दिले असेल आणि पाच वर्षे संगोपनाचा खर्च मंजूर असेल, तर लागवड. बाकी सर्वांनी कारखान्यापासून तासाभराच्या अंतरावरचे एखादे गाव निवडावे आणि करारात एक कलम न विसरता घालावे: दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, गवत फुलोऱ्यावर असताना, नोंदवही माळावर नेऊन मेंढपाळांसमोर वाचली जाईल, आणि त्यांनी सांगितलेली नावे तिथेच लिहून घेतल्याशिवाय पुढचा हप्ता सुटणार नाही.