फॅक्स सॉफ्टवेअरसाठी मॉडेम: आतलं कार्ड, बाहेरचा डबा की यूएसबी?

वेंगुर्ल्याच्या आतेभावाचा परवा फोन आला. काजूचा छोटा कारखाना आहे त्याचा, जपानातलं एक गिऱ्हाईक नव्याने लागलंय आणि त्या लोकांना सहीशिक्क्याचा कागद अजून फॅक्सवरच लागतो. फॅक्स मशीन नको, कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकलंय, फक्त मॉडेम कुठला घेऊ ते सांग म्हणाला. वर "ब्रॉडबँडचा मॉडेम हाय की घरात" हेही म्हणाला, तो वेगळा, त्याने फॅक्स जात नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी देवगडात एका आंबा बागायतदार काकांच्या पेढीवर बरीच वर्षं कॉम्प्युटर सांभाळला आणि तिन्ही प्रकार वापरून झालेत, म्हणून लिहितोय. माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगतो.

खोक्यावर "सर्व फॅक्स सॉफ्टवेअरला चालतो" असं लिहिलेलं असतं त्याकडे लक्ष देऊ नका, क्लास बघा, म्हणजे फॅक्सचं किती काम मॉडेम स्वतः करतो ते. क्लास १ मध्ये मॉडेम नुसता आवाज काढतो आणि ऐकतो, समोरच्या मशीनशी बोलायचं सगळं काम कॉम्प्युटरला करावं लागतं, आणि त्या बोलण्यात एका सिग्नलनंतर दुसरा साधारण ७५ मिलिसेकंदांत सुरू व्हायला हवा. नेमका तेव्हाच अँटीव्हायरस जागा झाला की संपलं, समोरचा फोन ठेवतो. क्लास २ आणि २.० मध्ये हे बोलणं मॉडेम स्वतः करतो. पण २ आणि २.० एकच समजू नका, २ हा मसुद्यावरून आधीच बाजारात आला आणि २.० हे नंतर ठरलेलं प्रमाण. सॉफ्टवेअरमध्ये एक निवडलं आणि मॉडेम दुसरा असला तर फॅक्स अडकतो आणि आपण उगाच टेलिफोनवाल्यांना शिव्या घालत बसतो. मॉडेम काय काय बोलतो ते बघायला कंट्रोल पॅनलमध्ये फोन अँड मॉडेम, मग डायग्नोस्टिक्स, मग क्वेरी मॉडेम, एफक्लासच्या ओळीपुढे आकडे येतात. माझ्या बाहेरच्या, यूएस रोबोटिक्स कंपनीच्या मॉडेमला ०, १, २.० असे यायचे.

आता आतलं कार्ड. स्वस्त, टेबलावर जागा खात नाही, वेगळा अॅडॅप्टर नको, आणि खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मला काही तक्रार नव्हती. ही बहुतेक कार्डं सॉफ्टमॉडेम असतात, म्हणजे कार्डावर जेमतेम सामान आणि बाकी सगळं काम प्रोसेसरच्या डोक्यावर, त्यामुळे त्यावर क्लास २ लिहिलेलं असलं तरी शेवटी राबतो तो कॉम्प्युटरच. चालतंय तोवर चालतं.

न चालण्याची गोष्ट सांगतो, कारण माझा निर्णय तिथेच झाला. ऐन एप्रिल, पेट्या जोरात सुटलेल्या, वाशीचा दलाल संध्याकाळी पट्टी (विक्रीचा हिशेब) फॅक्सने पाठवायचा आणि सकाळी फोन करून भाव सांगायचा, त्यावर आज किती पेट्या भरायच्या ते काका ठरवायचे. लाइन एकच. तर पट्टी यायची, शेवटचं पान पूर्ण व्हायचं, सॉफ्टवेअर म्हणायचं फॅक्स मिळाला, आणि कार्ड लाइन सोडायचंच नाही! लाइन सुटली की कार्डातून एक बारीक 'टक' असा आवाज येतो, तो यायचा नाही, आणि रात्री दुकान बंद करायच्या गडबडीत तो आला की नाही हे कोण ऐकत बसणार. सकाळी वाशीवाला फोन लावतोय, त्याला एंगेज. काका मला म्हणायचे, "अरे सकाळपासून वाशीचो फोन येना नाय, बघ मरे काय झाला ता." बघायचं म्हणजे काय तर कॉम्प्युटर पूर्ण बंद करायचा, नुसत्या रीस्टार्टने कधी सुटायचं कधी नाही, मागची पिन काढून परत लावायची. आणि त्याच मशीनवर टॅलीचा डेटा, शेजारच्या टेबलावर दुसरा पोरगा बिलं मारतोय, त्याला आधी बाहेर काढा, मग बंद, मग चालू, हे आठवड्यातून दोनदा तरी. एकदा भाव उतरल्याचा निरोप दुपारी मिळाला, तोवर गाडी खारेपाटणच्या पुढे गेलेली. काका काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

ड्रायव्हर बदलला, स्लॉट बदलला, खाऱ्या हवेने पाय काळे पडले असतील म्हणून खोडरबरने घासून काढले (हे आपल्याकडे खरंच करावं लागतं, रॅमलासुद्धा), चार दिवस बरं आणि परत तेच. दोष कार्डाचा होता की ड्रायव्हरचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, दुसऱ्या कंपनीचं कार्ड कदाचित नीट चाललंही असतं.

मग सीरियल पोर्टला (कॉम्प्युटरच्या मागच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीला) लागणारा बाहेरचा डबा आणला, किंमत कार्डाच्या कितीतरी पट, काकांनी दोनदा विचारलं एवढे कशाला. त्याला पुढे दिवे असतात, त्यातला ओएच (ऑफ हुक) पेटलेला म्हणजे लाइन धरलेली आहे, लांबून दिसतं. आणि स्वतःचा स्विच असतो. अडकला तर स्विच बंद, पाच मोजा, चालू, झालं, टॅलीवाल्याला कळतसुद्धा नाही. खरं तर तो तसा फारसा अडकलाच नाही, पूर्ण सीझनमध्ये दोन की तीन वेळा, पण अडकला तेव्हा काकांनी स्वतः उठून स्विच मारला, मला हाकसुद्धा मारली नाही. मला तेवढं पुरलं.

विजेचं वेगळं सांगायला नको. मे अखेरचा वळीव आणि पुढे हस्तातला गडगडाट, वीज तारेतून आत येतेच. ओळखीच्या एका दुकानात कार्डाबरोबर मदरबोर्डही गेला. आमचा पहिला डबा असाच हस्तात गेला, पण गेला तो एकटाच. तरीही ढग दिसले की फोनची वायर काढून ठेवायची, सर्ज प्रोटेक्टर असला तरी.

डब्याच्या विरुद्ध सांगायचं तर आता नव्या कॉम्प्युटरला सीरियल पोर्टच नसतो, यूएसबी कन्व्हर्टर लागतो, आणि तिथे पैसे वाचवू नका. दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर मी घेतला होता, फॅक्सच्या मधेच पोर्ट गायब व्हायचा. एफटीडीआय कंपनीची चिप असलेला घ्या. आणि वीज गेली की डब्याचा अॅडॅप्टरही जातो, यूपीएसवर एक जागा ठेवावी लागते.

यूएसबीचा छोटा मॉडेम हा मधला रस्ता. आत बसणारी जुनी पीसीआय कार्डं नव्या मशीनमध्ये बसत नाहीत आणि ६४ बिटचे ड्रायव्हर मिळता मिळत नाहीत, त्यामुळे आज खरी निवड डबा की यूएसबी एवढीच उरलीय. लॅपटॉपवाल्याला, महिन्याला चार फॅक्स पाठवणाऱ्याला मी यूएसबीच घे म्हणेन, अडकला तर उपटून परत लावायचा, म्हणजे स्विचचंच काम. फक्त आत खरा कंट्रोलर (काम स्वतः करणारी चिप) आहे की तोही सॉफ्टमॉडेम आहे ते विचारून घ्या. दिवे मात्र बहुतेकांना नसतात, आणि मला दिव्यांची सवय झालीय.

"नो डायल टोन" आला तर मॉडेम बदलायला धावू नका, आपला डायल टोन पुष्कळ मॉडेमना ओळखता येत नाही, देश इंडिया निवडा, नाहीतर मॉडेमच्या सेटिंगमधल्या जादा कमांडमध्ये एक्स३ टाका म्हणजे तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. आणि तांब्याची तार जाऊन फायबर आली असेल तर आवाज डेटाच्या तुकड्यातुकड्यांतून (पॅकेट) जातो, तिथे कुठलाही मॉडेम कुरकुरतो, व्ही.३४ (फॅक्सची सगळ्यात वेगवान पद्धत) बंद करून वेग १४४०० वरून ९६०० वर आणा. पान थोडं उशिरा जाईल पण जाईल.

आतेभावाकडे फायबरच आहे, आणि जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे त्यांचं ऑफिस ९ ला उघडलं की इथे पहाटेचे साडेपाच, फॅक्स येणार तो सगळे झोपेत असताना. त्याला मी डबाच घे म्हटलं. महाग पडतोय म्हणून तो अजून यूएसबीचं बघतोय, बघू दे, त्याचंही चुकत नाही. फक्त डबा घेतलास तर कपाटामागे ढकलू नको, दिवे दारातून दिसतील आणि स्विचला वहिनींचा हात पोचेल असा ठेव, एवढं मात्र त्याला दोनदा सांगितलंय.