मांगराचं घर केलं: उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढल्यावर

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या बागेतला जुना मांगर राहण्याजोगा करून घेतला आणि दिवाळीनंतर तिथेच राहायला आलो. उन्हाळा, पावसाळा दोन्ही काढून झाले, म्हणून आता लिहितोय. अर्ध्या भागात गुरं, अर्ध्यात गवत आणि अवजारं, असा हा मांगर. चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, किंजळीचे वासे, वर मंगलोरी कौलं. काही कौलांवर १८६५ असा ठसा आहे. पाहुण्यांना ते कौलाचं वय वाटतं, पण बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना सुरू झाला ते हे साल.

गोठ्याचं घर करायला निघालेल्यांनी आधी भिंती बघाव्यात. गुरं बांधायची त्या बाजूच्या भिंतीत वर्षानुवर्षं मूत मुरलेलं असतं. त्यातले क्षार दगडातच राहतात आणि हवा दमट झाली की ओलावा ओढून घेतात. कौल गळत नाही, जमिनीतून ओल चढत नाही, तरी भिंत कमरेपर्यंत ओली दिसते आणि सुकली की पांढरा लोणा फुटतो. आमच्या गवंड्यांनी जुना गिलावा खरवडून ओल्या कागदाचा लगदा भिंतीवर थापला. तो वाळला की क्षार त्यात उतरतात, मग सोलून टाकायचा आणि पुन्हा नवा थापायचा. बोटाने चाटून खारटपणा कमी झाल्याची खात्री करूनच त्यांनी चुन्याचा गिलावा धरला. जुलैत ती भिंत जराशी काळवंडली, गणपतीनंतर पुन्हा कोरडी. मागच्या कोपऱ्यात मात्र पूर्वी कधीतरी कोणीतरी सिमेंट मारलेलं आहे. काढताना चिऱ्याचे टवके उडायला लागले म्हणून तेवढं राहू दिलं. तिथे पहिल्याच पावसात पोपडे सुटले. सिमेंटमागे ओल कोंडते, चुन्यातून ती निघून जाते. खर्चाला कुठेही हात आखडता घ्या, चुन्यात घेऊ नका.

गवताच्या माळ्याची झोपायची खोली केली. कौलांखाली सपाट सीलिंगची कौलं घातली आणि मध्ये हवेला जागा सोडली. त्यामुळे कचरा पडणं थांबलं, एप्रिल-मेची दुपारही बरीच सुसह्य झाली. तरी मे महिन्यात रात्री दहापर्यंत माळ्यावर झोपवत नाही, खालीच अंथरूण टाकतो. उजेडासाठी काचेची कौलं मोजकीच लावा, कारण त्यांच्याखाली ऊन सरळ डोक्यावर येतं.

गव्हाण पाडली नाही याचा रोज आनंद होतो. वर फळी टाकली आणि खिडकीखालची बैठक झाली. घरात येणारा प्रत्येक माणूस आधी तिथेच टेकतो. न्हाणीघर गोठ्याच्या खालच्या टोकाला घेतलं, कारण मूत वाहून जायला जमिनीला उतार होताच. तिथे पाणी साचत नाही.

वाळवीसाठी वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. वास महिनाभर जात नाही आणि अंगाला लागलं तर भाजतं, तेव्हा हातमोजे हवेतच. अजून तरी वाळवीची माती कुठे दिसलेली नाही.

पावसाळ्यात बुरशीला तोंड द्यावंच लागतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वीज जाते ती कधी दिवसभर येत नाही. चामड्याच्या चपला आणि पुस्तकं आम्ही चुलीच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात हलवली, तिथे ती टिकली. दमट हवा शोषणारं यंत्र विजेअभावी बहुतेक वेळ बंदच होतं, ते घेण्याची शिफारस करणार नाही.

पैशांचं म्हणाल तर एवढ्याच आकाराचं नवं घर स्वस्तात झालं असतं. पण मे महिन्यात भर दुपारीही खालच्या खोलीत पंख्यावर भागतं. मला हे दगड, ही उंची नव्याने बांधून मिळाली नसती, आणि आजोबांच्या हातचा मांगर पडू द्यायचा नव्हता.

मिरगाआधी दरवर्षी शाकारणी करावीच लागते आणि कौलांवर चढणारी माणसं आता सहज मिळत नाहीत, चैत्रातच सांगून ठेवतो. माकडांनी फोडलेल्या कौलांच्या जागी नवीन घालायला गेलं तर खोबण जुळत नाही, म्हणून जवळपासची पडकी घरं उतरवली जातात तिथून त्याच बनावटीची कौलं आणून मागच्या पडवीत रचून ठेवली आहेत.