घरच्या एडिटिंगसाठी असेंबल्ड पीसी: रायझन की इंटेल?

काम घरच्या व्हिडिओ एडिटिंगचं, खिसा मध्यमवर्गीय, आणि तीन-चार वर्षांनी थोडे पैसे टाकून मशीन वाढवता आलं पाहिजे, असं सांगून नागपुरात बर्डीवर कोटेशन मागितलं की हातात साधारण दोन कागद पडतात. एक एएमडीच्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरचा आणि बी-६५० मदरबोर्डाचा. दुसरा इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या आय-फाइव्हचा, बी-७६० बोर्डासकट. माझ्या घरी दुसरं आहे, मनीषनगरला मावसभावाकडे पहिलं आहे, आणि दोन्हींसमोर मी भरपूर बसलोय. पुढे लिहितोय ते त्या बसण्यातून आलेलं आहे. बेंचमार्कचे आकडे हवे असतील तर ते यूट्यूबवर ढिगाने आहेत.

तिसरा एक कागद दुकानदार हळूच पुढे सरकवतो, एएमडीच्याच जुन्या एएम-४ सॉकेटवरच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) रायझन ५६००जी चा. त्याचा निकाल आधीच लावून टाकू. फोनवरचे बारसं-वाढदिवस जोडण्यापुरतं काम असेल तर त्यात वाईट काही नाही. पण त्यातलं ग्राफिक्स एव्ही-१ या नव्या प्रकारचा व्हिडिओ डिकोड करत नाही, म्हणजे उलगडत नाही, कार्ड आणि एसएसडी जोडायचं पीसीआयई तिसऱ्या पिढीचंच मिळतं, आणि ते सॉकेट आता उताराला लागलंय. वाढवण्यासाठी मशीन घेताय तर सुरुवात तिथून नको.

वाढवण्याच्या मुद्द्यावर रायझनचं पारडं जड आहे, हे मान्यच करावं लागतं. एएम-५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि २०२७ पर्यंत, त्यापुढेही, ते चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलंय. कंपन्या काहीही जाहीर करतात म्हणा, पण इथे मागचा हिशेब बरा आहे. २०१७ साली घेतलेल्या कितीतरी एएम-४ बोर्डांवर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसला. माझ्या इंटेलच्या एलजीए-१७०० सॉकेटचा मात्र खेळ आटोपला. बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या त्यावर आल्या आणि २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा नव्या सॉकेटवर गेला. उद्या मला जास्त दमाचा प्रोसेसर हवा झाला तर फार तर एखादा वापरलेला आय-सेव्हन शोधायचा, बस.

पण तुमच्या ओळखीतल्या लोकांनी आपल्या मशीनमध्ये खरोखर काय काय बदललं, तेही एकदा आठवून पाहा. रॅम वाढवली असेल, एसएसडी घातली असेल, कोणी ग्राफिक्स कार्ड लावलं असेल. बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलणारा माणूस माझ्या पाहण्यात तरी विरळा. प्रोसेसर जुना वाटायला लागेपर्यंत बोर्डाचे पोर्टही जुने झालेले असतात आणि माणसाला सगळंच नवं हवं असतं. म्हणून वाढवता येण्यासारखं मशीन म्हणजे माझ्या लेखी चार रॅम स्लॉट, एसएसडीसाठी किमान दोन एम-डॉट-टू स्लॉट, साडेसहाशे वॉटचा नावाजलेला पॉवर सप्लाय आणि लांब कार्ड मावेल अशी कॅबिनेट. इंटेलच्या कोटेशनची रक्कम खाली आणायला बोर्ड एच-६१० टाकलेला असतो, तो तेवढा बदलून घ्या. त्याला रॅमचे दोनच स्लॉट असतात. वाढवायची वेळ आली की आधीच्या पट्ट्या काढून मिळेल त्या भावाला विकायच्या.

रॅमवरून आठवलं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले की काही महिन्यांत दुपटीच्याही पुढे गेले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि घरगुती गिऱ्हाईक रांगेत मागे ढकललं गेलं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा घरगुती ब्रँडच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. आता एएम-५ वर डीडीआर-५ शिवाय पर्याय नाही. बी-७६० मध्ये डीडीआर-४ चेही बोर्ड मिळतात. माझ्या जुन्या मशीनमध्ये डीडीआर-४ च्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, त्या तशाच नव्या बोर्डावर चढल्या. तुमच्याकडे अशा पट्ट्या पडून असतील तर हा फरक लहान नाही. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही: ७६०० सारख्या प्रोसेसरवर डीडीआर-५ च्या चारही पट्ट्या लावल्या की एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो. म्हणजे स्लॉट चार दिसले तरी तिथे दोन मोठ्या पट्ट्या घेणंच शहाणपणाचं.

हे सगळं हिशेबाचं झालं. माझा निर्णय ठरला तो टाइमलाइन, म्हणजे एडिटिंगच्या पडद्यावरची क्लिपांची पट्टी, अडकण्यावरून.

मावसभावाने मिररलेस कॅमेरा घेतला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक शूट केली. सेटिंग त्याने कोणाचं तरी ऐकून सगळ्यात वरचं ठेवलं होतं, १० बिट ४:२:२, एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायचा एक प्रकार). फुटेज देखणं होतं. पिवळ्या मारबतीच्या चेहऱ्यावरचं ऊन, मागे बडग्यांच्या पुतळ्यांची रांग, गच्चीगच्चीवर माणसं. त्याच्या मशीनवर प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडून प्ले दाबलं. आवाज लगेच सुरू झाला. ढोल, गर्दी, 'घेऊन जा गे मारबत'ची आरोळी. चित्रात मात्र ढोलवाल्याचा हात वर गेला तो वरच. आवाजात चार ठोके पडून गेले तरी टिपरू हवेतच. मग चित्राने एकदम उडी मारली आणि मारबत चौकाच्या पलीकडे पोचलेली. ठोक्यावर कट मारायचा तर ठोका दिसला पाहिजे ना! टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर प्रोसेसर शंभराला टेकलेला आणि शेजारी जीपीयूच्या व्हिडिओ डिकोडचा आलेख सपाट.

यात मशीन बिघडलं होतं असं नाही. आपल्या फोनचं नेहमीचं फुटेज ४:२:० असतं, म्हणजे रंगाची माहिती बरीच कमी करून साठवलेली. ते आजचा कुठलाही प्रोसेसर चुटकीसरशी उघडतो. ४:२:२ मध्ये रंगाची माहिती त्याच्या दुप्पट असते. रंग सुधारायला ते उत्तम, पण ते उलगडणारं हार्डवेअर सगळ्यांकडे नसतं. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत अकराव्या पिढीपासून क्विक सिंक, म्हणजे आतल्या ग्राफिक्समधलं व्हिडिओ उलगडणारं हार्डवेअर, एचईव्हीसीचं १० बिट ४:२:२ हाताळतं. ७६०० मधल्या छोट्या ग्राफिक्सला ते येत नाही, त्यामुळे सगळा भार कोअरवर पडतो. सहा कोअर त्याला पुरत नाहीत, निदान मला तरी पुरलेले दिसले नाहीत.

कॅमेऱ्याचं तेच मेमरी कार्ड मी घरी आणून माझ्या आय-फाइव्ह १३५०० च्या मशीनला लावलं. मशीनमध्ये तेव्हा ग्राफिक्स कार्ड नव्हतं, आजही नाही. प्लेहेड माउसबरोबर सरकत होता. रंगाचे दोन-तीन इफेक्ट चढवल्यावर तोही जड झाला, ते खोटं कशाला सांगू. पण कट शोधण्याचं काम, जे एडिटिंगमधलं निम्म्याहून जास्त काम असतं, ते विनाकटकट झालं.

यावर जाणकार लगेच म्हणतील, प्रॉक्सी कर की, म्हणजे एडिटिंगपुरत्या क्लिपांच्या हलक्या प्रती. बरोबर आहे. प्रॉक्सी बनवल्या की मावसभावाचं मशीनही पाण्यासारखं चालतं, आणि एक्सपोर्टला तर ते माझ्याहून मागे पडलेलं मला जाणवलं नाही. शूटवरून आल्यावर कार्ड कॉपी करून, रात्रभर प्रॉक्सी लावून झोपी जाण्याची शिस्त ज्याच्या अंगात आहे त्याला माझा मुद्दा फुसका वाटेल. मला ती शिस्त नाही. मी जेवणं आटोपल्यावर बसणारा माणूस. तेवढ्या वेळात टक्केवारी सरकताना बघत बसायचं, डिस्क भरायची, आणि मधेच 'हा एकच शॉट घे ना' म्हणून कोणी कॅमेऱ्यातली आणखी एक क्लिप दिली की पुन्हा तेच. ही कटकट रोजची आहे, आणि प्रोसेसर बदलण्याचा प्रसंग पाच वर्षांतून एकदा आला तर येईल. मी रोजचं बघितलं.

यात एक मेख आहे. क्विक सिंकला ४:२:२ चालतं ते एचईव्हीसीमधलं. तेच १० बिट ४:२:२ एच-२६४ या जुन्या प्रकारात रेकॉर्ड केलं तर बाराव्या ते चौदाव्या पिढीचा इंटेलही हात वर करतो. कॅमेऱ्यात दोन्ही पर्याय असतील तर एचईव्हीसीवाला निवडा. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हार्डवेअर डिकोडिंग फुकटच्या आवृत्तीत किती मिळतं आणि पैशाच्या आवृत्तीत किती, हे आधी तपासून घ्यावं. लिनक्सवर तर फुकटची आवृत्ती साधं एच-२६४ सुद्धा उघडत नाही.

इंटेल घ्यायचं ठरवलंच तर दुकानात हे संभाषण होणारच:

"साहेब, एफवाला घेऊन टाका ना. पैसे वाचते तुमचे."

"त्यात ग्राफिक्स नसतं ना भाऊ."

"मंग कार्ड तं लावणारच हाव ना पुढं."

गेमिंगवाल्या पोरांसाठी त्याचा सल्ला अगदी रास्त आहे. आपल्यासाठी नाही. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, आणि क्विक सिंक त्या ग्राफिक्समध्येच असतं. ज्या कारणासाठी इंटेल घ्यायचा तेच कारण बिलातून वगळलं जातं. शिवाय १२४०० आणि १३४०० मध्ये यूएचडी ७३० असतं, त्यात व्हिडिओचं एकच इंजिन. १२५००, १३५००, १४५०० मध्ये यूएचडी ७७०, त्यात दोन. भावात फार अंतर नसेल तर शेवटी ५०० असलेला घ्या. पुढे कधी ग्राफिक्स कार्ड लावलंत तर बायोसमध्ये जाऊन आतलं ग्राफिक्स चालू ठेवायचं. बरेच बोर्ड कार्ड दिसताच ते आपोआप बंद करतात, आणि माणूस टाइमलाइन पुन्हा का अडकते म्हणून डोकं खाजवत बसतो.

इंटेलच्या विरोधात दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. २०२४ मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब होत असल्याचं प्रकरण गाजलं. इंटेलने मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो त्रास मुख्यतः आय-सेव्हन, आय-नाइन आणि के-वाल्या वरच्या मॉडेलांचा. माझ्या १३५०० ने अजून कुरकुर केलेली नाही, पण बोर्ड घरी आल्यावर बायोस अपडेट हे पहिलं काम समजा.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की खोलीच तापलेली असते, मग कॅबिनेटचं काय. माझा प्रोसेसर नावाला ६५ वॉटचा, पण एक्सपोर्ट लागला की दीडशेच्या पुढे जाऊ शकतो. ७६०० नव्वदच्या आत राहतो, आणि तो फरक मला हाताला जाणवला. दुपारी माझ्याकडे एक्सपोर्ट सुरू असताना प्रोसेसरबरोबर डब्यात आलेल्या पंख्याचा आवाज व्हॉइसओव्हरमध्ये यायचा. वेगळा टॉवर कूलर बसवला तेव्हा तो थांबला. इंटेलच्या बजेटमध्ये तेवढे दोनेक हजार धरूनच चला. वाळ्याच्या ताटीचा कूलर खिडकीला लावलेला असेल, तर मशीन कुठलंही असो, त्या ओलसर झोतात ठेवू नका. धूळ आणि ओल मिळून पंख्यावर जो चिखल बसतो तो ब्लोअरने निघत नाही, ब्रशने खरवडावा लागतो.

आता हे सगळं उलटवणारी एक शक्यता. पहिल्याच दिवशी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेतलं ग्राफिक्स कार्ड घेण्याइतकी ऐपत असेल, तर माझा युक्तिवाद गळून पडतो. त्या मालिकेपासून एनव्हिडियाच्या कार्डांना ४:२:२ डिकोड करता येतं, एचईव्हीसीचं आणि एच-२६४ चंही. मग रायझनच घ्या, सॉकेटचं आयुष्य आयतं पदरात पडतं. त्याआधीची ३० आणि ४० मालिकेतली कार्डं सेकंडहँड बाजारात भुरळ पाडतात, पण त्यांना हे जमत नाही. स्वस्तातली वाट म्हणून रायझनबरोबर इंटेलचं छोटं ग्राफिक्स कार्ड आर्क ए-३८० लावता येतं, त्यात क्विक सिंक असतंच. फक्त ते नागपुरात सहज मिळत नाही, मागवावं लागतं असा माझा अनुभव.

फक्त फोनवर शूट करत असाल तर दोन्हींत डावं-उजवं करण्यासारखं फार काही नाही, आणि तेव्हा मीही बहुधा एएम-५ कडेच झुकलो असतो. पण ग्राफिक्स कार्डाविना सुरुवात करायची आहे, घरात डीडीआर-४ पडून आहे, आणि कॅमेरा आज ना उद्या येणार आहे, अशा माणसाला मी १३५०० सांगेन. मावसभाऊ दिवाळीला आरटीएक्स ५०६० लावतो म्हणतोय. ते लागलं की त्याचं मशीन माझ्या पुढे जाईल यात शंका नाही. तोवर त्याच्या कॅमेऱ्याचं कार्ड कटिंगसाठी माझ्याकडेच येतं.